परसातील तळे : बंदिस्त पाण्याचा जमाखर्च

घराच्या परसात किंवा बंगल्याच्या बागेत मुद्दाम खोदून वा बांधून तयार केलेले, साधारणपणे एक हजार ते दहा हजार लिटर पाणी धरणारे आणि मासे व पाणवनस्पती यांना एकत्र सांभाळणारे लहान तळे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. मत्स्यशेतीचे तलाव, पावसाचे पाणी साठवणारी शेततळी आणि दिवाणखान्यातील काचेची मत्स्यपेटी या तिन्हींशी अशा तळ्याचे नाते असले, तरी त्यांपैकी कोणत्याही एकाचे नियम त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मत्स्यशेतीत उत्पादन हे उद्दिष्ट असते आणि हंगाम संपला की मासे काढून तलाव रिकामा करता येतो. शेततळ्यातील पाणी पिकासाठी उपसले जाते. मत्स्यपेटीतील उजेड, तापमान आणि पाणी बहुतांशी माणसाच्या हातात असते. परसातील तळे मात्र ऊन, पाऊस, पालापाचोळा, पक्षी आणि कीटक यांना बाराही महिने उघडे असते, त्यातील पाणी पूर्णपणे क्वचितच बदलले जाते आणि त्यातील माशांना पाणी बिघडले म्हणून दुसरीकडे जाण्याची वाट नसते.

या विषयाकडे पाहण्याची जी दृष्टी पुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत राखली आहे, ती याच बंदिस्तपणातून आलेली आहे. नदीत किंवा वाहत्या ओढ्यात पडलेली घाण प्रवाहाबरोबर पुढे जाते, ती पातळ होते आणि मोठ्या क्षेत्रात विखुरते. बंदिस्त पाण्यात जे जे म्हणून पडते, मग ते माशांचे खाद्य असो, गळलेले पान असो वा विहिरीच्या पाण्यातील क्षार असो, ते रूप बदलून का होईना, कोणीतरी बाहेर काढीपर्यंत तिथेच राहते. त्यामुळे तळ्याची रचना, गाळणी, वनस्पती, माशांची संख्या, खाद्याचे प्रमाण आणि साफसफाई हे वरवर वेगवेगळे वाटणारे प्रश्न वस्तुतः एकाच जमाखर्चाच्या नोंदी ठरतात, आणि हा जमाखर्च ज्याला मांडता येतो त्याच्याकडे मासे आपोआप जगतात. माशांची निवड हा पुस्तकातील पहिला विषय नसून जवळजवळ शेवटचा आहे, याचे कारण हेच आहे.

घराजवळच्या पाण्यात मासे पाळण्याची आवड या प्रदेशाला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत कोशग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन आले आहे. या प्रकरणाकडे आधुनिक मत्स्यशास्त्राचे लक्ष मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये वेधले. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग सोमेश्वराच्या काळी त्याच्याच सत्तेखाली होता. पुढील काळात बारवा, पुष्करणी, देवळांची तळी आणि वाड्यांतील हौद यांनी पाण्याला घराजवळ व देवाजवळ जागा दिली. महाडजवळच्या काळ नदीवरील वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यातील वैतरणेकाठचे तिळसे येथे देवाचे मासे म्हणून माशांना अभय आहे आणि भाविक त्यांना खाऊ घालतात, तर कोकणात आणि गोव्यात घरच्या विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. या परंपरांकडे पाहताना एक भेद मात्र नजरेआड होता कामा नये. वाळणकोंडीत आणि तिळशाला नदी वाहते. पुण्याचे पेशवेकालीन हौद कात्रजहून नळाने आणलेल्या पाण्यावर भरत आणि ते पाणी सतत पुढे सरकत असे. विहिरीला झरे असतात आणि तिचा उपसाही होतो. पाणी खेळते असल्यामुळे त्या माशांना माणसाने केलेल्या व्यवस्थेची फारशी गरज पडली नाही. नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने एकदा भरलेल्या परसातील तळ्याला तो आधार नाही, आणि म्हणून परंपरेतून आवड घेता आली तरी पद्धत घेता येत नाही.

शोभेसाठी मासे पाळण्याची पद्धतशीर कला चीन आणि जपानमध्ये वाढली. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) सोनेरी रंगाचे मासे राजवाड्यांतील तळ्यांत जोपासले जात असत आणि आजचा गोल्डफिश हा त्याच जोपासनेचा वंशज आहे. जपानमधील निगाता भागातील डोंगराळ गावांत भातशेती करणारे शेतकरी खाण्यासाठी ज्या माशाची पैदास करीत, त्याच्या पिलांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अधूनमधून दिसणारे रंग निवडून निवडून कोई ही जात घडवली गेली आणि १९१४ च्या तोक्योतील प्रदर्शनानंतर तिची कीर्ती जपानभर पसरली. महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, त्या कॉमन कार्पचेच कोई हे रंगीत रूप आहे. या दोन माशांबरोबर बागेतील तळ्याचे शास्त्रही जगभर पोचले. परंतु त्यावरील प्रचलित पुस्तके बहुतेक समशीतोष्ण देशांत लिहिली गेल्यामुळे त्यांचा मोठा भाग हिवाळ्यात गोठणारे पृष्ठभाग, बर्फाखाली अडकणारे वायू आणि थंडीत माशांचे खाणे थांबवण्याचे वेळापत्रक यांवर खर्ची पडतो. दख्खनच्या पठारावर आणि कोकणपट्टीत तळ्याची कसोटी एप्रिल-मेमधील उकाडा, वर्षातील आठ कोरड्या महिन्यांचे बाष्पीभवन आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांत लागते. या हवामानातील तळ्याचा विचार मराठीत एके ठिकाणी मांडलेला असावा, ही पुस्तकामागील पहिली प्रेरणा आहे.

हवामानाचा फरक केवळ सोयी-गैरसोयींचा नसून पाण्याच्या घडणीचाच आहे, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मध्यभागी पाऊण मीटर खोल असे तळे घेतले, तर उतरत्या कडा व पायऱ्या वजा जाता त्यात सुमारे ३,५०० लिटर पाणी राहते आणि त्याचा पृष्ठभाग सहा चौरस मीटर असतो. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्या पृष्ठभागावर १५,००० लिटर पाणी पडते, म्हणजे तळे स्वतःच्या चौपटीहून अधिक पावसाचे पाणी घेते आणि सांडव्यावाटे बाहेर टाकते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे तळ्याचे पाणी दर पावसाळ्यात पातळ व हलके होत जाते. हेच तळे पुण्यासारख्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या गावी असेल, तर त्याला पावसातून ४,२०० लिटर मिळतात, पण उघड्या पृष्ठभागावरून वर्षभरात दीड ते दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन उडतो आणि तो ९,००० ते १२,००० लिटरांचा असतो. उन्हाळ्यात कोरड्या भागात रोज सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे ६० लिटर पाणी उडून जाते. ही तूट विहिरीच्या पाण्याने भरून काढली जाते. पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले ६,००० लिटर पाणी वर्षात घातले, तर तीन किलो क्षार तळ्यात जमा होतात, ज्यांतील काही भागच पावसाळ्यात वाहून जातो. देशावरील तळ्यांच्या काठावर पाण्याची पातळी उतरत जाईल तसा जो पांढरा खरबरीत पट्टा उमटत जातो, तो याच जमेचा उघडा पुरावा होय. देशावरच्या तळ्यातील पाणी अधूनमधून काढून बागेला देणे हे म्हणूनच देखभालीचे अंग ठरते, तर कोकणात पावसाळ्यानंतर पाण्याला थोडे चुनखडीचे खडे देण्याची गरज भासू शकते.

जमिनीचा प्रकार हा दुसरा स्थानिक प्रश्न आहे. देशावरील काळी भारी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट बांधलेले सिमेंटचे टाके एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यात तडकते. अशा जागी काळी माती काढून खाली मुरूम भरून घेणे किंवा लवचिक अस्तर वापरणे श्रेयस्कर असते. कोकणातील जांभ्याच्या जमिनीला फुगण्याची खोड नाही, परंतु जांभा सच्छिद्र असल्यामुळे नुसत्या खड्ड्यात पाणी ठरत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात शेततळ्यांच्या प्रसारामुळे पाचशे मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, ज्याला शेतकरी नुसते ‘कागद’ म्हणतात, तालुक्याच्या गावीही मिळू लागला आहे आणि परसातील तळ्यासाठीही तो उपयोगी पडतो. कागदाचे माप काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर दाबण्यासाठी तीस-तीस सेंटिमीटर मिळवावे लागतात; रुंदीचाही हिशेब तसाच असतो. वर सांगितलेल्या तळ्याला त्यामुळे ५.१ मीटर लांब व ४.१ मीटर रुंद कागद लागतो. खड्ड्यातील अणकुचीदार खडे व मुळे वेचून, त्यावर वाळूचा थर आणि जुनी बारदाने घालून मगच कागद पसरावा लागतो, कारण वजनदार पाणी त्याला खालच्या प्रत्येक खड्यावर दाबत असते. परसातील घुशी हा कागदाचा खरा शत्रू असून त्यांची बिळे असलेल्या जागी खड्ड्याच्या बाजू विटांनी बांधून घेणे शहाणपणाचे असते.

सिमेंटचे तळे बांधले तर त्याचा प्रश्न वेगळा असतो. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारे ० ते १४ या श्रेणीतील माप, माशांना सोसणार नाही इतका वर जातो. शोभेच्या माशांची पैदास करणारे लोक नव्या टाक्यात पाणी भरून त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकतात, ते कुजू देतात, मग पाणी ओतून टाकून टाके घासतात आणि ही क्रिया दोन-तीन वेळा करतात. कुजणाऱ्या खुंटातून निघणारी सेंद्रिय आम्ले चुन्याला मारतात, एवढेच त्यामागचे रहस्य आहे; सामू मोजण्याची पट्टी साडेआठच्या खाली स्थिर झालेली दिसेपर्यंत घाई न करणे हा त्या रीतीचा गाभा होय. बांधणीच्या प्रकरणांत याखेरीज सांडव्याची जागा, पावसात अंगणातील पाणी तळ्यात शिरू नये म्हणून काठ उंचावणे, पाणबुडी पंपाच्या जोडणीत विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवणे आणि लहान मुले असलेल्या घरात पृष्ठभागाच्या किंचित खाली भक्कम जाळी टाकणे यांचा विचार केला आहे. पाऊण मीटर खोल पाणी मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटले तरी रांगत्या मुलाला ते जीवघेणे असते, म्हणून शेवटच्या दोन गोष्टींना ऐच्छिक मानलेले नाही.

पाणी भरल्यानंतर तळ्यात जे अदृश्य काम सुरू होते, त्याला नत्रचक्र म्हणतात आणि पुस्तकाचा मध्यभाग त्याला वाहिलेला आहे. मासे खाद्यातील प्रथिनांचा न वापरलेला नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. शेकडा तीस प्रथिने असलेले १०० ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले, तर सुमारे पावणेतीन ग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो, आणि ३,५०० लिटरांच्या तळ्यात त्याचे प्रमाण लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमहून किंचित अधिक भरते. हे एका दिवसाच्या खाद्याचे फलित असून रोज त्यात भर पडणार असते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगड, वाळू, गाळणीतील स्पंज आणि तळ्याच्या भिंती यांवर चिकटून वाढतात. त्यांतील पहिली पायरी नायट्रोसोमोनास व त्यासारखे आणि दुसरी नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा यांसारखे जिवाणू पार पाडतात. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेतो, म्हणून तोही घातक आहे, तर नायट्रेट माशांना बराच सोसतो आणि वनस्पतींना तो खत म्हणून चालतो. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागत असल्यामुळे पाणी भरले त्याच दिवशी दुकानातून आणलेले वीस मासे आठवड्या-दोन आठवड्यांत एकापाठोपाठ एक मरतात आणि दोष माशांच्या जातीला दिला जातो. आरंभी दोन-चार चिवट मासे ठेवून, अमोनिया व नायट्राइट मोजण्याच्या थेंबांच्या चाचणीत दोन्ही शून्यावर येईपर्यंत संख्या न वाढवणे हा त्यावरचा उपाय आहे.

अमोनियाचे विष किती चढेल, हे त्याच्या एकूण प्रमाणाइतकेच सामूवर आणि तापमानावर अवलंबून असते. तीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातील शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर तो शेकडा साडेसात होतो आणि ९ असेल तर जवळजवळ ४५ पर्यंत पोचतो. हिरवे शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरला जाऊन सामू चढतो, आणि सकाळी सुरक्षित असलेले तेच पाणी दुपारी तीन वाजता घातक बनू शकते. सामूची ही चढउतार आवरून धरणाऱ्या कार्बोनेट व बायकार्बोनेट क्षारांच्या शक्तीला विम्लता म्हणतात. देशावरील विहिरींच्या पाण्यात ती सहसा भरपूर असते, तर जांभ्यातून येणाऱ्या कोकणी पाण्यात ती तोकडी पडते. प्राणवायूचे गणित याच्या उलट वेळी बिघडते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात माशांची गरज वाढलेली असताना पुरवठा घटलेला असतो. रात्री वनस्पती व शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी होते. सलग आठ दिवस आभाळ भरून राहिल्यानंतर पहाटे सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड आणून हवा गिळताना दिसले, तर तो भुकेचा नव्हे तर गुदमरण्याचा प्रकार असतो, आणि त्या वेळी खाद्य घालणे हा सर्वांत घातक उपचार ठरतो. पाणी ढवळणारा छोटा धबधबा किंवा हवेचा पंप रात्रीच चालू हवा. वीज वाचवण्यासाठी तो नेमका रात्री बंद करण्याची सवय अनेक घरांत दिसते.

पाण्यात साठलेला नायट्रेट बाहेर काढण्याचे काम वनस्पती करतात आणि या बाबतीत परसाची जुनी रीत तज्ज्ञांच्या सल्ल्याइतकीच उपयोगी आहे. मोरीचे पाणी अळू, केळ आणि कर्दळ यांच्या वाफ्यात सोडण्याची जी पद्धत घरोघर होती, तिच्यात सांडपाण्यातील पोषकद्रव्ये मुळांनी शोषून घेण्याचेच तत्त्व आहे. खडीने भरलेल्या वाफ्यात कर्दळ, वेखंड किंवा पाणकणीस लावून तळ्याचे पाणी त्यातून फिरवले की तीच वनस्पतींची गाळणी बनते. वाढलेली पाने कापून खतात टाकली, तरच नत्र खऱ्या अर्थाने तळ्याबाहेर जातो. पाने तिथेच कुजू दिली तर खर्ची टाकलेली रक्कम पुन्हा जमेत येते. कमळ आणि कुमुद या दोहोंना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. कमळाचा कंद आक्रमक असल्यामुळे ते मोठ्या कुंडीतच लावून कुंडी पाण्यात ठेवणे बरे, अन्यथा दोन वर्षांत तळ्यात कमळाखेरीज काही उरत नाही. पानांनी पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग झाकला की पाणी थंड राहते आणि हिरव्या पाण्याचा त्रास कमी होतो. जलपर्णी मात्र, तिची जांभळी फुले कितीही मोहक असली, तरी परसात आणू नये. पावसाळ्यात सांडव्यावाटे तिचा एखादा तुकडा ओढ्यात गेला, तर त्याचे परिणाम संपूर्ण गावाला भोगावे लागतात. तळ्यावर छाया धरणाऱ्या झाडांपैकी कण्हेर टाळावी, कारण तिची पाने विषारी असतात.

माशांच्या निवडीत आकारमानाचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई चांगल्या पाण्यात दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला निदान सव्वा मीटर खोली आणि ढोबळमानाने माशामागे हजार लिटर पाणी लागते, आणि तो वनस्पतींच्या कुंड्या उकरून टाकतो. वर घेतलेल्या तीन बाय दोन मीटरच्या तळ्यात त्याला जागा नाही. रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली स्वस्तात मिळतात म्हणून सोडली जातात, पण ते किलोंमध्ये वाढणारे मासे आहेत. लांबट, साध्या शेपटीचे गोल्डफिश, गप्पी, मॉली आणि झेब्रा दानिओसारखे छोटे देशी मासे हे लहान तळ्याचे खरे रहिवासी होत. फुगीर अंगाचे व लांब पंखांचे गोल्डफिश दिसायला देखणे असले तरी पोहण्यात मंद असतात आणि खंड्या, ढोकरी किंवा पाण्यातील दिवड यांच्या तावडीत प्रथम सापडतात. पक्ष्यांपासून संरक्षणासाठी नायलॉनची सैल जाळी टाकली तर तिच्यात दिवड अडकून मरतो. ताणून बसवलेली जाळी आणि तळाशी आडवे ठेवलेले मातीचे रुंद नळे माशांना अधिक चांगला आसरा देतात.

साचलेल्या पाण्याबद्दल समाजाच्या मनात असलेला संशय रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन परसातील तळ्याचे समर्थन करता येत नाही. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापाच्या कारणांची जी चौकशी केली, तिच्यात घरोघरच्या उघड्या विहिरी व टाकी या डासांच्या पैदाशीच्या जागा म्हणून पुढे आल्या आणि त्यानंतर शहरातील अनेक विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण डासापर्यंतची वाढ उष्ण हवामानात साधारण सात ते दहा दिवसांत पुरी होते, म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतो. तळ्याला कोरडा दिवस पाळता येत नाही. त्याची जागा माशांनी भरून काढायची असते. महाराष्ट्रातील आरोग्य यंत्रणा त्यासाठी गप्पी मासे पुरवते. गोव्यात १९९० च्या दशकात झालेल्या क्षेत्रीय प्रयोगांत ‘ॲप्लोकायलस ब्लॉकी’ या तिथल्याच लहानशा माशाचा डासांच्या अळ्यांविरुद्ध उपयोग करण्यात आला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण हे काम देशी मासाही करू शकतो हे तिच्यातून दिसते. मासे असूनही डास होतात ते बहुधा तळ्यात नव्हे, तर काठावरील रिकाम्या कुंडीत, पंपाच्या झाकणात किंवा दाट पानांनी वेढलेल्या ज्या उथळ कोपऱ्यात मासा शिरू शकत नाही तिथे. त्यामुळे काठाची रचना करतानाच असे कोपरे टाळावे लागतात.

परदेशी माशांचा प्रश्न कुंपणाच्या आत संपत नाही. गॅम्बुसिया हा डासभक्षक मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे जगातील सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याची नोंद झाली. मत्स्यपेटीतून बाहेर पडलेला सकर मासा आज देशातील अनेक जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. आफ्रिकी मांगूर पाळण्यास तर देशात बंदीच आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत अशा कितीतरी माशांच्या जाती आहेत, ज्या जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत, आणि नको झालेले मासे नदीत सोडण्याच्या भूतदयेचा पहिला बळी त्याच ठरतात. घरात कासव ठेवण्याची हौसही याच प्रकरणात तपासली आहे. तारा कासवासारख्या देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ती पाळणे हा गुन्हा आहे, तर दुकानात मिळणारे लाल पट्ट्यांचे परदेशी कासव मोठे झाले की सोडून दिले जाते आणि स्थानिक जलचरांवर ताण आणते.

देखभालीचे प्रकरण महाराष्ट्राच्या ऋतुचक्राप्रमाणे मांडले आहे. खोदकाम आणि बांधणी फेब्रुवारी ते मे या काळात, वनस्पतींची लागवड पहिल्या पावसानंतर आणि मासे पाणी तयार झाल्यावर, असा क्रम त्यात सुचवला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाच्या बाजूने शेडनेट, पावसाळ्यात सांडव्यावरील जाळीची रोजची सफाई, ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा प्राणवायूवर नजर आणि थंडीत खाद्यात कपात, अशी ती आखणी आहे. खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच घालावे; कणकेचे गोळे, कुरमुरे आणि पावाचे तुकडे पाहुण्यांच्या हातून पडू लागले की सर्व हिशेब कोलमडतो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असल्यामुळे ते एक दिवस उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट मिसळूनच तळ्यात सोडावे. घरातील पाण्याची टाकी वर्षातून एकदा उपसून, घासून लखलखीत करण्याची जी सवय आहे, ती तळ्याला लावली की गाळाबरोबर नत्रचक्र चालवणारे जिवाणूही धुऊन जातात आणि तळे पहिल्या दिवसावर येते. म्हणून गाळ टप्प्याटप्प्याने काढावा, गाळणीचा स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळावा आणि काढलेले काळे पाणी भाजीच्या वाफ्याला द्यावे. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाक्यात ठेवणे हा रोगांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अँकर वर्म आणि माशांच्या उवा यांची लक्षणे व उपचार स्वतंत्र प्रकरणात दिले असले, तरी बहुतेक रोग बिघडलेल्या पाण्यात दुबळ्या झालेल्या माशांनाच धरतात, ही जाणीव औषधांच्या यादीहून मोलाची आहे.

हे पुस्तक प्राणिशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि व्यापारी मत्स्यपालनाचे मार्गदर्शकही नाही. परसात थोडी जागा असलेला गृहस्थ, गृहसंस्थेच्या बागेची देखरेख करणारा माळी, शाळेच्या आवारात निसर्गशिक्षणासाठी तळे करू पाहणारे शिक्षक आणि बागा आखणारे वास्तुरचनाकार यांना नजरेसमोर ठेवून त्याची भाषा आणि गणिते ठरवली आहेत. सूत्रे जिथे आली आहेत तिथे ती लिटर, मीटर आणि ग्रॅम यांत सोडवून दाखवली आहेत, जेणेकरून वाचकाला स्वतःच्या जागेचे आकडे घालून तीच उदाहरणे पुन्हा करता यावीत. प्रत्येक प्रकरण तळ्यात काय येते आणि तळ्यातून काय जाते या प्रश्नापाशी परत येते, आणि त्यामुळे काही पुनरुक्ती अपरिहार्य झाली आहे.

तळे बांधणे हे आठवड्या-दोन आठवड्यांचे काम असून त्याला पैसा पुरतो. ते राखण्याला रोज सकाळी पाच-दहा मिनिटे पाण्याकडे पाहणारा माणूस लागतो, आणि तो सुट्टीवर गेला तर त्याची जागा घेणारा दुसरा लागतो. राखणारे कोणी नसलेले तळे नसलेल्या तळ्याहून वाईट असते, कारण ते माशांना मारते आणि शेजाऱ्यांना डास देते. म्हणून पुस्तकातील आकडे स्वतःच्या अंगणाला लावून पाहिल्यावर एखाद्या वाचकाने आठ मासे कमी केले, कोईऐवजी गप्पी निवडले किंवा तळ्याचा बेत सोडून कमळाची एक मोठी कुंडी आणि तिच्यात चार-सहा देशी मासे एवढ्यावर समाधान मानले, तर त्याने विषय बरोबर समजून घेतला असेच मानावे लागेल.